मत माणसाला, मत प्रश्नाला

१६ जानेवारी १९६७ रोजी गोमंतकातील मतदारांच्या हाती जी मतपत्रिका पडली तिच्यावर कोणा उमेदवाराचे नाव नव्हते. होती ती दोन चित्रे, एक फुलाचे आणि एक दोन पानांचे. फुलाला मत म्हणजे गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानांना मत म्हणजे स्वतंत्र केंद्रशासित प्रदेश, असा सरळ सवाल संसदेने १९६६ साली खास कायदा करून गोवेकरांपुढे ठेवला होता. आणि कौल निःपक्षपाती वातावरणात घेतला जावा म्हणून विलीनीकरणाचे कट्टर पुरस्कर्ते असलेले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर आधल्या डिसेंबरातच पायउतार झाले होते. नोंदलेल्या ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मतदान केले, दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०, आणि चौतीस हजारांच्या फरकाने विलीनीकरणाचा प्रश्न कायमचा निकालात निघाला. महाराष्ट्रात पुष्कळांना तो कौल जिव्हारी लागला, आणि त्या दुःखाच्या भरात पुढे जे घडले त्याकडे आमचे म्हणावे तितके लक्ष गेले नाही. मार्चअखेर त्याच प्रदेशात विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरणाचाच झेंडा खांद्यावर घेतलेल्या बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला तीसपैकी सोळा जागा देऊन त्याच मतदारांनी पुन्हा सत्तेवर बसवले.

जागांच्या गणिताचा त्यात वाटा होता, हे खरे. तरीही एका मतपेटीतून विलीनीकरण हरावे आणि अवघ्या अडीच महिन्यांनी दुसऱ्या मतपेटीतून विलीनीकरणवादी पक्ष विजयी व्हावा, या घटनेत मतदाराचा गोंधळ पाहणारे मला तरी चुकलेले वाटतात. त्याला दोन वेळा दोन निराळ्या गोष्टी विचारल्या गेल्या आणि त्याने दोन निराळी उत्तरे दिली. कारभार कोणी करावा, हा एक प्रश्न. गोवा कोठे असावा, हा दुसरा. दुसरा प्रश्न स्वतंत्रपणे विचारला गेला नसता, तर बांदोडकरांच्या प्रत्येक निवडणूक-विजयाचा अर्थ विलीनीकरणाला पाठिंबा असाच लावला गेला असता, आणि ते चूक आहे असे सिद्ध करण्याचे कोणतेही साधन गोवेकरांच्या हाती उरले नसते.

आमच्याकडे नेमके हेच दर पाच वर्षांनी घडते. मतदार उमेदवाराकडे पाहून, पक्षाकडे पाहून, जातीकडे पाहून, क्वचित रागाने आणि बऱ्याचदा सवयीने एक बटण दाबतो, आणि त्या एका बटणाच्या बळावर निवडून आलेले सरकार पुढील पाच वर्षे शेतजमीन, पाणी, शाळा, वीज, दारू, रस्ते आणि झोपडपट्ट्या यांविषयीच्या प्रत्येक निर्णयाला ‘जनतेचा कौल’ असे नाव देते. स्वित्झर्लंडात किंवा अमेरिकेतील कित्येक राज्यांत कायद्याचे आणि करांचे प्रश्न थेट मतपत्रिकेवर छापले जातात तशी सर्वसाधारण सोय आमच्या राज्यघटनेत नाही, आणि ती सरसकट असावी असेही मी म्हणणार नाही. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे अस्पृश्यांसाठी खुले करण्याचा ठराव केला आणि डॉ. आंबेडकरांच्या सत्याग्रहानंतर, ऑगस्ट १९२७ मध्ये, तोच ठराव रद्दही केला; त्या वर्षी महाडच्या मतदारांना मतपत्रिका देऊन विचारले असते तर उत्तर काय आले असते, हे सांगावयास ज्योतिषी नको. माणसाचे मूलभूत हक्क डोकी मोजून ठरवण्याची वस्तू नव्हेत. परंतु राज्यकारभाराचे जे शेकडो प्रश्न हक्कांचे नसून निवडीचे असतात, त्यांवर नागरिकाचे मत स्वतंत्रपणे घेतले जावे अशा कितीतरी वाटा आमच्याच कायद्यांत बांधून ठेवलेल्या आहेत. आणि त्या वाटांवर गवत माजले आहे, ही माझी तक्रार आहे.

त्यांतील सर्वांत रोखठोक वाट दारूच्या दुकानाची आहे. गावातील किंवा नगरातील प्रभागातील मद्यविक्री बंद व्हावी अशी मागणी तेथील पंचवीस टक्के स्त्री मतदारांनी, अथवा एकूण मतदारांपैकी तितक्यांनी, लेखी अर्जाने केली, तर त्या सह्यांची पडताळणी होऊन सरकारला गुप्त मतदान घ्यावे लागते, अशी तरतूद महाराष्ट्र सरकारच्या २००८ च्या आदेशात आहे. मतपत्रिकेवर दोन बाटल्या छापलेल्या असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहावे, आडवी बाटली म्हणजे बंद व्हावे. अक्षरओळख नसलेल्या म्हातारीलाही समजावे आणि पदवीधरालाही दुसरा अर्थ काढता येऊ नये, अशी ही चित्रलिपी ज्या कोणा अधिकाऱ्याला सुचली त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे. राज्यात अनेक गावांच्या स्त्रियांनी या वाटेने बाटली आडवी केली आहे, आणि त्यासाठी त्यांना महिनोन् महिने घरोघर फिरून सह्या गोळा कराव्या लागल्या, पडताळणीच्या दिवशी मजुरी बुडवून ओळखपत्रासह हजर व्हावे लागले, दुकानदाराच्या माणसांच्या धमक्या आणि घरच्या पुरुषांचा रोष असे दोन्हीही सोसावे लागले.

पण या मतदानाचे अंकगणित बारकाईने पाहण्यासारखे आहे. समजा, गावात एक हजार स्त्री मतदार आहेत आणि मतदान स्त्रियांपुरते आहे. त्यांपैकी सहाशे जणी केंद्रावर आल्या, चारशेऐंशी जणींनी आडवी बाटली निवडली आणि एकशेवीस जणींनी उभी. झालेल्या मतांचे ऐंशी टक्के आडव्या बाटलीला पडूनही दुकान दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी उघडते. कारण आदेशानुसार बहुमत मोजावयाचे ते नोंदलेल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक असे, आणि पाचशेएकावे मत येईपर्यंत चारशेऐंशी मतांची किंमत शून्य असते. ज्या चारशे जणी शेतावर गेल्या, माहेरी गेल्या, ‘आपल्याला काय करायचे’ म्हणून घरी बसल्या, त्या सर्वांचे मत सरकारी हिशेबात उभ्या बाटलीच्या खात्यावर जमा झाले. आमदाराला निवडून येण्यास झालेल्या मतांत इतरांहून एक मत अधिक पुरते, मग मतदान निम्मे का होईना. देशी दारूच्या एका दुकानाला मात्र आमदाराहूनही भक्कम संरक्षण या राज्याने दिले आहे, हे पाहून हसावे की संतापावे हे मला कळत नाही. ही अट बदलावी अशी मागणी अवश्य व्हावी. परंतु ती बदलेपर्यंत, गैरहजेरी म्हणजे तटस्थता असे समजणाऱ्या प्रत्येकाने हे गणित एकदा कागदावर मांडून पाहावे.

दुसरे उदाहरण रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्याचे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी तेथील जमिनी संपादन करण्याचे घाटत असताना हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांनी असा बिनतोड सवाल केला की, जी जमीन भिजवण्यासाठी सरकारने सरकारी पैशाने धरण बांधले, तीच जमीन कारखानदारीसाठी कशी काय घेता? आंदोलन वाढत गेले आणि अखेरीस २१ सप्टेंबर २००८ रोजी बावीस गावांत सरकारने शेतकऱ्यांची जनमत चाचणी घेतली. जमीन द्यावयाची की नाही, हे ज्याची जमीन त्यालाच कागद देऊन विचारण्याचा हा प्रकार आमच्या महसुली इतिहासात दुर्मीळच म्हटला पाहिजे. कौल कोणीकडे झुकला आहे हे गावोगाव कोणापासून लपलेले नव्हते. पुढे संपादन रखडले आणि प्रकल्पही बारगळला. विशेष आर्थिक क्षेत्रे असावीत की नसावीत, याविषयी वाचकांत दोन मते असतील, आणि असावीत. मला येथे लक्ष वेधावयाचे आहे ते शेतकऱ्यांच्या पूर्वतयारीकडे. लाभक्षेत्राची मर्यादा कोणती, भूसंपादनाच्या नोटिशीला हरकत किती मुदतीत घ्यावयाची, कोणत्या गटाला पाणी मिळते आणि कोणत्या नाही, हे तपशील त्यांनी मुखोद्गत केले होते, म्हणून त्यांच्यापुढे प्रश्न ठेवण्याची पाळी सरकारवर आली. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने वनहक्कांच्या बाबतीत जे नाव मिळवले त्याच्यामागेही ग्रामसभेच्या आधी भरणारे अभ्यासगट होते, आणि तेथे तर निर्णय हात मोजून न घेता सर्वसहमती होईपर्यंत बोलत राहण्याचा शिरस्ता आहे.

ज्यांना ना दारूच्या दुकानाशी कर्तव्य ना शेतजमिनीशी, अशा नगरवासी सुशिक्षितांसाठी कायद्याने जी वाट ठेवली आहे तिचे सरकारी नाव ‘हरकती व सूचना’ असे आहे. नगराचा विकास आराखडा असो, एखाद्या नियमाचा मसुदा असो, तो राजपत्रात प्रसिद्ध करावयाचा, ठराविक मुदत द्यावयाची आणि त्या मुदतीत येणाऱ्या हरकतींचा विचार करून मगच तो कायम करावयाचा, अशी ही पद्धत आहे. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली प्रसिद्ध होणाऱ्या आराखड्यात तुमच्या घरासमोरील मोकळ्या जागेचे भवितव्य एका रंगात रंगवलेले असते. हिरव्या रंगाचे पिवळे झाले तर मैदान गेले आणि इमारत आली असे समजावे. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबई महापालिकेने पुढील वीस वर्षांच्या आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध केला, तेव्हा उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले आहेत आणि वारसा म्हणून नोंदलेल्या वास्तू नकाशातून नाहीशा झाल्या आहेत असे लोकांच्या ध्यानात आले. साठ हजारांहून अधिक हरकती आणि सूचना दाखल झाल्या, आणि एप्रिलमध्ये राज्य सरकारला तो मसुदा मागे घेऊन नव्याने तयार करण्याचा हुकूम द्यावा लागला. सुधारित मसुदा २०१६ साली आला. गोव्यातही २०११ चा म्हणून ओळखला जाणारा प्रादेशिक आराखडा लोकक्षोभापुढे २००७ च्या आरंभी रद्द झाला. एरवी आपल्या बोलण्याने काय होणार, असे म्हणण्याची जी रीत मध्यमवर्गात पडून गेली आहे, तिला ही दोन्ही उदाहरणे आडवी येतात.

विजेच्या दराचेही तसेच. दरवाढीचा प्रस्ताव आला की घरोघर, कचेऱ्यांत, लोकलच्या डब्यांत त्रागा होतो; परंतु २००३ च्या विद्युत कायद्यानुसार राज्याच्या वीज नियामक आयोगाला जनतेच्या हरकती आणि सूचना विचारात घेतल्यावाचून दर ठरवता येत नाहीत, आणि आयोगाच्या जाहीर सुनावणीत कोणीही सामान्य ग्राहक, वकील न लावता, उभा राहून बोलू शकतो. तेथे वर्षानुवर्षे जाणाऱ्या मूठभर कार्यकर्त्यांनी गळतीचे आकडे, शेतीपंपांच्या वापराचे फुगवलेले अंदाज आणि खर्चाच्या नोंदी यांची जी चिरफाड केली आहे ती वाचली म्हणजे, हाच वेळ आपण त्राग्यात घालवला याची थोडी लाज वाटावी.

हरकत घेण्याचेही एक शास्त्र आहे. एकाच मजकुराची हजार छापील पत्रे पाठवली की दप्तरात त्यांचा एकच गठ्ठा बांधला जातो आणि त्यांवर एकच शेरा पडतो. याउलट, अमुक कलम, नकाशाचा अमुक भाग, अमुक गट क्रमांक, येथे प्रस्तावित रस्ता शाळेच्या आवारातून जातो, पर्यायी रेषा अशी असू शकेल, असे चार ओळींचे सुटे पत्र कोणी दिले, तर ते फेटाळावयाचे झाले तरी अधिकाऱ्याला कारण शोधावे लागते. सुनावणीची मागणी पत्रातच करावी, पोच घ्यावी आणि पोचेवरचा आवक क्रमांक जपून ठेवावा. पत्राच्या सुरुवातीला सरकारच्या नावाने दोन परिच्छेद खडे फोडण्याचा मोह टाळावा. तो मजकूर वाचणाऱ्या कारकुनाला तोंडपाठ असतो.

ग्रामीण भागात जी सोय सर्वांत जुनी आणि सर्वांत जवळची, तिची अवस्था मात्र सर्वांत वाईट आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्यात, एकूण मतदारांच्या पंधरा टक्के अथवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके मतदार हजर असावेत, आणि प्रत्येक ग्रामसभेआधी स्त्रियांची स्वतंत्र सभा व्हावी, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात कितीतरी गावांत सभा गणपूर्तीअभावी तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्यामुळे पाच-पंचवीस माणसांत सारे विषय बिनबोभाट मंजूर होतात. कोठे तर सभा होण्याचीही वाट न पाहता सह्यांची वही शिपायाच्या काखेतून घरोघर फिरते आणि ओट्यावर बसलेला मनुष्य, कशावर सही करतो आहोत हे न विचारता, तीत आपले नाव लिहितो. त्याच इतिवृत्ताच्या आधारे गावची गायराने दिली जातात, घरकुलांच्या याद्या कायम होतात आणि वाळूचे लिलाव निघतात. शहरांतही क्षेत्रसभांची तरतूद कायद्यात आहे. आपल्या प्रभागात अशी सभा कधी भरली होती, असे कोणा पुणेकराला वा नागपूरकराला विचारून पाहावे. २०२२ पासून तर मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांत नगरसेवकच नव्हते. वर्षानुवर्षे प्रशासक कारभार हाकत राहिले आणि रस्त्यावर त्याविषयी फारसा आवाज उमटला नाही.

राज्याच्या धोरणाशी आपला संबंध येत नाही, असे जो पगारदार म्हणतो त्याने आपल्या पगारपत्रकावरील व्यवसाय कराची ओळ पाहावी. दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, असे वर्षाचे अडीच हजार रुपये तेथून वजा होतात. १९७५ साली हा कर लागू झाला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभारण्यासाठी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघालेली आणि सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात प्रथम प्रयोगादाखल राबवलेली ती कल्पना बहात्तरच्या दुष्काळात राज्यभर पसरली. खडी फोडणाऱ्या मजुरांनी कामासाठी मोर्चे काढले, विधिमंडळात वाद झाले, १९७७ साली कायदा मंजूर झाला आणि नंतर देशाने त्याचा कित्ता गिरवला. महाराष्ट्राने स्वतःच्या विचाराने आखलेले, स्वतःच्या नागरिकांवर कर बसवून चालवलेले असे दुसरे धोरण शोधून काढणे कठीण जाईल. त्यासाठी दरमहा पैसे मोजणाऱ्या लाखो माणसांना त्याचा पत्ता नसावा, आणि ज्यांच्यासाठी ते मोजले जातात त्यांना मागतील तेव्हा काम मिळते की नाही, याची त्यांनी एकदाही चौकशी करू नये, ही परिस्थिती मला कोणत्याही निवडणुकीतल्या घटलेल्या मतदानापेक्षा अधिक चिंताजनक वाटते.

दोष सर्वस्वी नागरिकाचा आहे असे मात्र कोणी समजू नये. मसुदा ऐन दिवाळीत प्रसिद्ध करावयाचा, जाहिरात खपाने नगण्य अशा पत्रात बारीक टायपात द्यावयाची, नकाशे इंग्रजीत आणि नियमांचे मराठी असे ठेवावयाचे की तहसीलदारालाही दोनदा वाचावे लागेल, आणि तीस दिवसांतील पहिले दहा दिवस ‘प्रत उपलब्ध नाही’ या उत्तरात घालवावयाचे, या क्लृप्त्या कोणत्याही एका पक्षाच्या मिरासदारीच्या नाहीत. म्हणून सरकारकडे मागावयाचे ते थोडे आणि नेमके असावे. मुदत राजपत्राच्या तारखेपासून न मोजता मराठी मसुदा आणि नकाशे लोकांना प्रत्यक्ष पाहावयास मिळाले त्या दिवसापासून मोजावी. आडव्या बाटलीचे बहुमत झालेल्या मतांवर ठरवावे, फार तर मतदानाच्या किमान टक्केवारीची अट घालावी. आणि दाखल झालेल्या प्रत्येक हरकतीपुढे ती मान्य झाली की फेटाळली, व फेटाळली तर का, हे दोन ओळींत मराठीत लिहून ती यादी अंतिम मंजुरीच्या आधी प्रसिद्ध करण्याचे बंधन असावे. आज हरकतदाराला सुनावणीस बोलावून त्याचे म्हणणे नोंदवून घेतले जाते, आणि पुढे त्याचे काय झाले हे त्याला बहुधा माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करूनच विचारावे लागते.